‘साध्या’ हा शब्द तेवढा काढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या अंकात पान चारवर, अगदी तळाला, सोन्याच्या भावाच्या चौकटीशेजारी एक बातमी होती. मथळा होता, ‘साध्या फायरमनचा झाला साहेब’. खाली आठ ओळी आणि शाल-श्रीफळ घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा फोटो. ते गृहस्थ माझे यजमान.

बातमी छापल्याबद्दल आभार. शेजारच्या वहिनींनी कात्रण काढून दिलं, नणंदेचा पाटणहून फोन आला, आणि ह्यांनी ते कात्रण दोनदा वाचून, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. त्यांची काही तक्रार नाही. तक्रार माझी आहे. मी महापालिकेच्या शाळेत २९ वर्षं तिसरी-चौथीला शिकवते आहे, हातात लाल पेन असल्याशिवाय छापील काही वाचवत नाही. बातमीत दोन चुका किरकोळ आहेत. नोकरी ३६ वर्षांची झाली, ३४ नव्हे. आणि ‘स्टेशन मास्टर’ रेल्वेत असतात. अग्निशमन दलात असतो तो स्टेशन ऑफिसर, मराठीत केंद्र अधिकारी. तिसरी चूक मथळ्यातली आहे आणि ती किरकोळ नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधून लावू नका.

हे १९८८ साली मुंबई अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांचे होते. सासरे लालबागला एका गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. सासरे त्यातले. ते गावी परतले आणि हे मुंबईत मागे राहिले. भायखळ्याच्या भाजी मार्केटात पहाटे टोपल्या उचलायच्या, दुपारी नाइट स्कूलचा अभ्यास. येता-जाता भायखळ्याच्या मुख्यालयातून बंब बाहेर पडताना दिसायचे. ‘मला गाडीचं आकर्षण नव्हतं,’ असं हे सांगतात. ‘गाडी गेल्यावर रस्त्यावरचे लोक दोन मिनिटं गप्प उभे राहायचे, ते बघायला आवडायचं.’ भरतीत धावायला लावलं, दोरावर चढायला लावलं, खांद्यावर वजन घेऊन पळायला लावलं. टोपल्या उचलणाऱ्याला त्यात काय अवघड? नेमणुकीचं पत्र गावी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘बापाची गिरन बंद पडली, आन् आता पोरगं आगीत उडी घ्याया निघालं.’

आमचं लग्न मे १९९२ चं. मी कराडची. लग्न करून आले ती थेट केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये. खाली गाड्या, वर संसार. घंटा झाली की जिन्यावर बुटांचा आवाज, मग इंजिनाचा, मग भोंगा, आणि मिनिटाच्या आत सगळं शांत. भाजी परतायची राहून जायची. महिन्याभरात मला आवाजावरून कळायला लागलं की पाण्याची गाडी गेली की शिडीची. फायर ब्रिगेडमध्ये आगीच्या निरोपाला ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी लहान असली की हे तासाभरात परत, जेवण झाकून ठेवायचं. आग वाढली की क्रमांक दोनची, तीनची, चारची वर्दी, आणि सगळ्यात शेवटी ‘ब्रिगेड कॉल’. ब्रिगेड कॉल ऐकला की क्वार्टरमधल्या बायका आपापल्या घरात थांबत नसत. सगळ्या जिन्यात येऊन बसायच्या, कुणी तांदूळ निवडत, कुणी मूल मांडीवर घेऊन. बोलायचं मात्र दुसऱ्याच कशाबद्दल तरी.

पहिला दिवाळसण माहेरी झाला नाही. फटाक्यांच्या चार दिवसांत फायरमनला रजा नसते, हे माझ्या वडिलांना पटवायला मला दोन पत्रं लिहावी लागली. पाडव्याला मी ह्यांना खाली, गाडीच्या पायरीशी ओवाळलं. ताम्हन हातात घेऊन उभी होते आणि घंटा झाली. ओवाळणीची नोट अर्धी खिशातून बाहेर आलेली, तशीच खिशात परत गेली. ती मला अजून मिळायची आहे. व्याजासकट मागते दर पाडव्याला.

त्याच डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळली. मग १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोन-अडीच तासांत एकामागून एक मिळून बारा. २५७ माणसं गेली. हे वरळीला सेंच्युरी बाजारसमोर होते. मला पाचवा महिना होता. जिन्यात आम्ही सात-आठ जणी बसलो होतो, आणि त्या दिवशी कुणीच दुसऱ्या कशाबद्दल बोलत नव्हतं. हे तिसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. मोरीत गेले आणि हात धुवायला लागले. साबण लावायचे, धुवायचे, परत लावायचे. बाहेर आल्यावर शर्ट काढला तर खिशातून किल्ल्यांचा जुडगा पडला. सहा किल्ल्या, एक गोदरेजच्या कपाटाची, आणि गणपतीचं पितळी किचेन. रस्त्यावर पडलेला, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून उचलला आणि द्यायचा राहून गेला. चहा न घेता, तसेच शर्ट बदलून, ते तो जुडगा पोलीस ठाण्यात जमा करून आले. पुढे मालक सापडला की नाही, माहीत नाही. तेव्हा हे फायरमन होते, तुमच्या मथळ्यातले ‘साधे’. नोकरीला पाच वर्षं झाली होती.

आता बढतीचं सांगते, कारण बातमीत सगळा भर त्यावर आहे आणि नेमकं तेच त्यात नाही.

फायरमनचा लिडिंग फायरमन व्हायला ह्यांना १३ वर्षं लागली. दोष कुणाचा नाही, हे लेखी परीक्षेत दोनदा नापास झाले. प्रात्यक्षिकात नाही हं. डोळे बांधले तरी ज्याला हायड्रंटवर, म्हणजे आगीसाठीच्या रस्त्यातल्या पाण्याच्या नळावर, स्टँडपाइप बसवता येतो, त्याला ‘स्टँडपाइपची रचना व उपयोग लिहा’ असं विचारलं की पेन अडायचं. तिसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा मी त्यांची पुस्तकं स्वतः वाचायला घेतली. चौथीच्या स्कॉलरशिपच्या मुलांसाठी करते तशी वही केली. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. परीक्षा रोज रात्री, मी भाकरी थापत असताना, तोंडी.

‘पंप विहिरीतलं पाणी जास्तीत जास्त किती खोलीवरून ओढतो?’
‘दहा मीटर.’
‘ते कागदावर. प्रत्यक्षात?’
‘सात. फार तर साडेसात.’
‘का?’

इथे गाडी थांबायची. हातांना माहीत होतं, तोंडाला येत नव्हतं. मग मी ग्लासात ताक घेतलं आणि सरबताची नळी. पंप पाणी ओढतच नाही, तो नळीतली हवा काढून टाकतो. बाहेरच्या हवेचं वजन पाण्यावर असतं, ते त्याला वर ढकलतं. हवेचं वजन असून असून किती असणार? तेवढंच पाणी चढणार, त्यातही गळती आणि घर्षण वजा. ह्यांनी अर्धा ग्लास ताक नळीनं पिऊन टाकलं आणि म्हणाले, ‘बारा वर्षं पंप चालू करतोय, हे आज कळलं.’ मला त्या दिवशी शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

एकदा मी गणित घातलं. होजचा, म्हणजे बंबाच्या लांब पाइपचा, व्यास ६३ मिलिमीटर, लांबी १५ मीटर, तर पूर्ण भरलेल्या होजमध्ये पाणी किती? उत्तर येतं ४७ लिटरच्या आसपास. म्हणजे ४७ किलो, शिवाय होजचं वजन वेगळं. ह्यांनी उत्तर बघितलं आणि म्हणाले, ‘एवढंच? चौथ्या मजल्याच्या जिन्यात ते शंभर लागतं.’ मी वहीत शेरा मारला : उत्तर बरोबर, रीत नाही. ती वही अजून आहे.

गाठींचा सराव घरात व्हायचा. बोलाइन, क्लोव्ह हिच, आणि माणसाला उंचावरून खाली सोडायची ती चेअर नॉट, एक फास काखेखाली आणि एक गुडघ्यांखाली. सराव कुणावर? चार वर्षांच्या लेकावर. एका रविवारी सासूबाई गावाहून आल्या तर नातू स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला लोंबकळतोय, टाळ्या पिटतोय, आणि मी खाली उभी राहून ‘दुसरा फास ढिला आहे, दोन मार्क गेले’ म्हणतेय. त्या परत जायच्याच बेतात होत्या.

त्या वर्षी हे पास झाले. २००१ साली लिडिंग फायरमन. मग नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात सब ऑफिसरचा कोर्स. १९५७ पासून ते नागपूरला आहे आणि देशभरातून तिथे शिकायला येतात. ह्यांच्या वर्गात निम्मी पोरं पुतण्याच्या वयाची. दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन. पहिली दोन मिनिटं मुलांची चौकशी, तिसऱ्या मिनिटाला, ‘ते हवेच्या वजनाचं परत एकदा सांग गं.’ २००८ साली सब ऑफिसर झाले. त्याच नोव्हेंबरात ताजच्या खिडक्यांना शिड्या लावून माणसं उतरवायची वेळ आली, आत गोळीबार चालू असताना. त्यावर हे आजवर मिळून दहा वाक्यं बोलले असतील, ती मी इथे लिहीत नाही. पुढे २०१४ ला असिस्टंट स्टेशन ऑफिसर, २०२० ला स्टेशन ऑफिसर, आणि ३१ मे २०२४ ला निवृत्तीचा नारळ.

या प्रत्येक बढतीच्या दिवशी आमच्याकडे पेढे आले आणि पेढा तोंडात असतानाच मी एक प्रश्न विचारला : ‘आता तरी बाहेर थांबायला मिळेल ना?’

कारण बाकी जगात बढतीचा अर्थ तोच असतो. आमच्या शाळेत मुख्याध्यापक झालं की वर्ग सुटतो. बँकेत काउंटर सुटतो आणि काचेची केबिन मिळते. म्हणून तुम्हालाही वाटलं असणार की फायरमन म्हणजे खालची पायरी, साहेब म्हणजे वरची, आणि वर गेलं की धुरातून सुटका. या खात्यात तसं नसतं हो. साहेब झालं की आधी आत जायचं आणि सगळ्यांत शेवटी बाहेर यायचं. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून माणसं आत पाठवली की किती गेली, किती वाजता गेली, याचा हिशोब साहेबाकडे. सिलिंडरमधली हवा ठरावीक आकड्याच्या खाली गेली की शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून बाहेर यायचं. पण ब्रँचवर, म्हणजे होजच्या तोंडाशी पाणी मारत, उभा असलेला पोरगा, समोर आग मागे हटताना दिसत असेल तर, यायला बघत नाही. त्याला कॉलर धरून आणायला कोण जातं? ह्यांना ती मोजायची सवय इतकी लागली आहे की आजही लग्नाच्या हॉलमध्ये शिरलो की आधी दरवाजे मोजतात, मग आम्ही किती जण आलो ते मोजतात, आणि मग पंगतीला बसतात. दाराजवळ.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीत गोकुळ निवास पेटलं. जुनी इमारत, लाकडी जिने, आत दुकानं आणि घरं एकमेकांत घुसलेली. त्या इमारतीचा भाग कोसळला तेव्हा आत कोण होतं? प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, आणि संजय राणे व महेंद्र देसाई हे दोन अधिकारी. राणे आणि देसाई ढिगाऱ्याखाली गेले. अमीन साहेब आणि नेसरीकर साहेब पुढच्या पंधरा दिवसांत, भाजलेल्या जखमांवर उपचार चालू असताना गेले. सव्वाशेहून जास्त वर्षांच्या या दलाचा सर्वांत वरचा माणूस एका गल्लीतल्या आगीत गेला. ह्यांची गाडी त्या रात्री मागाहून बोलावली होती. दुसऱ्या दिवशी घरी आले ते सोफ्यावर न बसता जमिनीवर बसले, भिंतीला टेकून, बूट न काढता. संध्याकाळी मी न राहवून म्हटलं, ‘मोठ्या साहेबांना खाली गाडीपाशी उभं राहून वॉकीटॉकीवर सांगता आलं नसतं का?’ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आतलं बाहेरून कळत नाही.’

म्हणून ‘साहेब झाला’ यात मला फारसं विशेष वाटत नाही. पगार वाढला, खांद्यावरचे पट्टे बदलले, क्वार्टरमध्ये एक खोली जास्त मिळाली, एवढं खरं. काम होतं तेच राहिलं.

आणि ‘साध्या’च्या कपड्यांबद्दलही सांगते. १९९२ पासून ते कपडे मी धुतले. धुराचा वास घरातल्या सगळ्या वासांत वेगळा ओळखू येतो. लाकडाचा वेगळा, प्लास्टिकचा वेगळा, आणि रबर जळालं असेल तर तीन धुण्यांतही जात नाही. बादली एकच होती. ह्यांचे कपडे, माझे, मुलांचे, सगळे त्यातच. पहिलं पाणी काळं, दुसरं राखाडी, तिसऱ्याला ठीक, असा माझा हिशोब. २००३ साली एका रसायनांच्या गोदामाच्या आगीनंतर हे अकरा दिवस इस्पितळात होते. तेव्हापासून पावसाळ्यात खोकला धरतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अग्निशमनाचं काम पहिल्या गटात घातल्याचं मी वाचलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेला हा गट, सिगारेटचा धूर आणि ॲसबेस्टॉसही त्यातच. काजळी कातडीतूनही आत जाते आणि कपड्यांवरून घरीही येते. ते वाचलं त्या दिवशी मी उठून मोरीतली बादली बघून आले. दोन मुलं त्या पाण्यातल्या कपड्यांवर वाढली. आताच्या पोरांना सांगते, म्हणजे ह्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं घरी येतात त्यांना, की कपडे वेगळे धुवा, बायकोच्या हाती देऊ नका, अंघोळ केंद्रावरच करून या. ती ‘हो काकू’ म्हणतात आणि चहा पितात.

तुमच्या बातमीशेजारी सोन्याचा भाव होता, त्यावरून एक आठवलं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि १४०० टनांच्या आसपास स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, दुपारभर अग्निशमन दलाची माणसं त्यावर पाणी मारत होती, आणि चार वाजून सहा मिनिटांनी जहाज उडालं. त्या जहाजात सोन्याच्या विटा होत्या आणि त्या उडून लांब लांब पडल्या, हे मुंबईत कुणालाही विचारा, पाठ असतं. दलाचे ६६ जण गेले, हा आकडा विचारून बघा. मी दरवर्षी माझ्या वर्गाला विचारते, मग शिक्षकांच्या खोलीतही विचारते. देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्याच तारखेला, त्यांच्यासाठी. आमच्या क्वार्टरमध्ये १४ एप्रिल म्हणजे सकाळी स्मारकापाशी सलामी आणि संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक; माझी मुलं सकाळी गप्प आणि रात्री घसा बसलेली अशीच त्या तारखेला ओळखतात.

आता थोडं आजचं. क्वार्टर सोडलं आणि आम्ही ठाणे जिल्ह्यात घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. १४ मजली इमारत, आम्ही सहाव्यावर. सामान लागायच्या आत हे जिन्यातल्या लाल पेट्या उघडून बघायला निघाले. पहिल्या मजल्याच्या पेटीत चपला. तिसऱ्याच्या पेटीत झाडू आणि पायपुसणी. पाचव्याच्या पेटीत होज होता पण नोझल नव्हतं. पितळी होतं, कुणीतरी भंगारात दिलं असावं. वरच्या रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी लोकांनी थांबायच्या मोकळ्या जागेत, कुंड्या, दोन सायकली आणि एका घरचं जुनं कपाट. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते वॉचमनला ठाऊक नाही. हे सेक्रेटरींकडे गेले आणि विचारलं, ‘फॉर्म बी शेवटचा कधी भरला?’ महाराष्ट्राचा २००६ चा आगप्रतिबंधक कायदा आहे. यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, तोच हा फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. सेक्रेटरी हसले. म्हणाले, ‘काका, आता रिटायर झालात ना? आराम करा.’ चांगला माणूस आहे हो, त्यानंच तुमच्या बातमीचं कात्रण सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. ‘साध्या फायरमनचा झाला साहेब’, खाली नमस्काराचे चाळीस हात. पण चपला अजून पेटीतच आहेत.

म्हणजे बघा, मथळ्यातल्या शब्दाचं असं होतं. फायरमन साधा ठरला की तो जे सांगतो तेही साधंच ठरतं.

ह्यांनी मात्र आराम केलेला नाही. रविवारी सकाळी आठला वॉचमन, दोन लिफ्टमन आणि घरकाम करणाऱ्या चार-पाच बायका यांना जिन्यात जमवतात. पेटलेल्या तेलाच्या कढईवर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करायचा आणि ताट उपडं झाकायचं, हे त्या बायकांना आता माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं. धुरात उभं राहायचं नाही, खाली वाकून, जमिनीलगत यायचं. खिडकीला लावलेल्या लोखंडी जाळीला एक झडप आणि तिची किल्ली हाताशी हवी. वॉचमन उत्तर प्रदेशचा आहे, त्यानं एकदा विचारलं, ‘साब, आप पहले क्या थे?’ हे म्हणाले, ‘फायरमन.’ स्टेशन ऑफिसर नाही म्हणाले. मी दारात उभी राहून ऐकत होते.

तर विनंती अशी. दुरुस्ती छापा. त्याच पानावर, त्याच जागी छापलीत तरी चालेल, सोन्याच्या भावाशेजारी. नोकरी ३६ वर्षं. पद स्टेशन ऑफिसर. मथळ्यातून ‘साध्या’ हा शब्द वगळावा. ‘झाला साहेब’चं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यावर माझा हट्ट नाही. फोटो दुसरा हवा असल्यास कळवा. छापलेल्या फोटोत ह्यांचे डोळे मिटलेले आले आहेत, आणि माझ्याकडे एक चांगला आहे. १९९८ सालचा, खंडेनवमीचा. बंबाला झेंडूची माळ, होजच्या गुंडाळीवर हळद-कुंकू, आणि हे पायरीवर बसून लेकीला हेल्मेट घालून देत आहेत. हेल्मेट तिच्या नाकापर्यंत आलंय. फोटो परत पाठवावा, एकच प्रत आहे.

कळावे,
आपली,
एक शिक्षिका
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये.)